कुत्र्याला अचानक पॅन्क्रियाटायटिस झाला तर: पहिल्या उलटीपासून घरच्या ताटलीपर्यंत

कुत्रा उलटी करतो, यात नवीन काही नाही. गवत खाऊन पिवळट फेस काढतो, घाईघाईत गिळलेलं जेवण परत टाकतो आणि थोड्या वेळाने शेपूट हलवत पुन्हा ताटलीपाशी येऊन उभा राहतो. अशा उलटीला घाबरायचं कारण नाही. पण उलटीनंतर तो कोपऱ्यात जाऊन पडला, आवडीचं बिस्किट नुसतं हुंगून तोंड फिरवलं, तासाभरात पुन्हा ओकला आणि पोटाला हात लावू देत नाही, तर मामला वेगळा आहे. स्वादुपिंडाला अचानक सूज येते, म्हणजे ज्याला डॉक्टर पॅन्क्रियाटायटिस म्हणतात, त्याची सुरुवात बऱ्याचदा अशीच होते.

पहिल्यांदाच कुत्रा पाळलेल्या आणि हे नाव पहिल्यांदाच ऐकणाऱ्या घरांसाठी हे लिहितो आहे. उपचार डॉक्टरांनीच करायचे आहेत. त्यांच्यापर्यंत वेळेत कसं पोचायचं, तिथे काय विचारायचं आणि कुत्रा घरी आल्यावर त्याला कसं सांभाळायचं, हे मात्र आपल्या हातात असतं.

आत काय होतं

स्वादुपिंड जठराला आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला लागून असतं. एकीकडे ते इन्सुलिन तयार करतं, दुसरीकडे अन्न पचवणारे रस. हे पाचक रस एरवी आतड्यात पोचल्यावरच कामाला लागतात. पॅन्क्रियाटायटिसमध्ये ते स्वादुपिंडातच सक्रिय होतात आणि ज्या अवयवाने त्यांना बनवलं त्यालाच पचवू लागतात. म्हणून या आजारात दुखतं फार. सूज वाढली की शेजारची पित्तनलिका दाबली जाऊन कावीळ होऊ शकते, आणि आजार फारच बळावला तर मूत्रपिंडं आणि रक्त गोठण्याची क्रिया यांवरही परिणाम होतो.

नेमकं कारण बऱ्याच वेळा सापडतच नाही. पण काही गोष्टी धोका वाढवतात हे पक्कं माहीत आहे: एकाच वेळी पोटात गेलेलं भरपूर चरबीचं अन्न, कचऱ्यातून उचललेलं काहीबाही, लठ्ठपणा, रक्तातली वाढलेली ट्रायग्लिसराइड्स (चरबीचा एक प्रकार), मधुमेह, थायरॉइड कमी असणं, कुशिंग्ज (अंगात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त होण्याचा आजार). फिटसाठी दिली जाणारी फिनोबार्बिटोन आणि पोटॅशियम ब्रोमाइड ही औषधंही त्यात येतात. अर्थात म्हणून ती परस्पर बंद करायची नाहीत. मिनिएचर श्नाउझर जातीत ट्रायग्लिसराइड्स मुळातच जास्त असतात. यॉर्कशायर टेरियर, कॉकर स्पॅनियल, डॅशहुंड यांनाही हा आजार तुलनेने जास्त होतो. पण लॅब्रॅडॉर असो की गल्लीतून उचलून आणलेलं देशी पिल्लू, कोणाला होणारच नाही असं नाही.

घरी काय बघायचं

दोन मिनिटं शांतपणे कुत्र्याकडे बघा. पुढचे दोन्ही पाय आणि छाती जमिनीला टेकवून मागचा भाग वर ठेवून तो बराच वेळ तसाच राहतोय का? आळस देताना कुत्रा असाच वाकतो, पण लगेच सरळ होतो. पोट दुखणारा कुत्रा तसाच थांबतो, पुन्हा पुन्हा तसाच वाकतो, किंवा पाठीला बाक काढून चालतो. काही कुत्री कण्हत नाहीत, ओरडत नाहीत, फक्त थंड फरशी शोधत एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जात राहतात. दुखणं लपवणं हा त्यांचा स्वभाव आहे, त्यामुळे आवाज नाही म्हणजे दुखत नाही, असं धरून चालू नका.

मग ओठ वर करून हिरड्या बघा. बोटाने दाबल्यावर पांढरी झालेली हिरडी साधारण दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. ती चिकट, कोरडी लागली तर अंगातलं पाणी कमी झालंय.

खालच्यापैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच निघा:

- काही तासांत दोन-तीनपेक्षा जास्त उलट्या, किंवा प्यायलेलं पाणीही पोटात टिकत नाही
- उलटीमध्ये किंवा शीमध्ये रक्त
- हिरड्या फिकट, पांढरट किंवा पिवळ्या
- उभं राहता येत नाही, हाक मारल्यावर प्रतिसाद मंद
- पोट ढोलासारखं फुगलंय, ओकाऱ्या येतात पण बाहेर काही पडत नाही

शेवटचं लक्षण पॅन्क्रियाटायटिसचं कमी आणि जठराला पीळ पडल्याचं जास्त असतं. त्यात तास-दोन तासांचा उशीरही जीवघेणा ठरतो. खरं तर उलटी आणि पोटदुखी या जोडीमागे बरंच काही असू शकतं: लस न झालेल्या पिल्लात पार्व्हो हा विषाणूचा आजार, गिळलेला मोजा किंवा आंब्याची कोय, उंदराचं औषध, गोचिडतापाचे प्रकार, नसबंदी न झालेल्या मादीत गर्भाशयात झालेला पू. त्यामुळे घरच्या घरी निदान करून मोकळं होऊ नका.

निघण्याआधी काय देऊ नये

माणसांची वेदनाशामकं अजिबात नकोत. क्रोसिन नाही, कॉम्बिफ्लॅम नाही, ब्रुफेन नाही, डायक्लोफेनॅक नाही. अंगात पाणी कमी असताना ही औषधं कुत्र्याच्या पोटात व्रण करतात, मूत्रपिंडं आणि यकृत बिघडवतात. म्हाताऱ्या कुत्र्याला सांधेदुखीसाठी मेलोक्सिकॅमसारखी गोळी चालू असेल तर आजचा डोस थांबवा आणि डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. उलटी थांबवायची माणसांची गोळीही स्वतःच्या मनाने देऊ नका. आतड्यात काही अडकलं असेल तर त्यातल्या काही गोळ्या उलटा अपाय करतात.

आणि तूप-भात नको. आपल्याकडे आजारी जिवाला मायेने पहिलं तेच भरवलं जातं, पण या आजारात तुपाची धार नेमकी नको तिथे जाऊन लागते. ताक, हळद-दूध, एरंडेल, तोंडात सिरिंजने ओतलेलं पाणी, यातलंही काही नको. उलट्या करणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात जबरदस्तीने काही ओतलं तर ते फुप्फुसात जाऊ शकतं.

दवाखान्यात नेताना

लहान कुत्र्याला पोटाखाली हात घालून उचलू नका. एक हात छातीखाली, दुसरा मांड्यांच्या मागे. मोठ्या कुत्र्याला जाड चादरीवर घेऊन दोघांनी उचला. दुखत असताना घरातला सगळ्यात गरीब कुत्राही चावू शकतो, तरी उलट्या करणाऱ्या कुत्र्याचं तोंड बांधायचं नाही. उलटी आतच अडकून तो गुदमरेल. तोंडाजवळ हात न नेणं आणि मानेशी टॉवेलची सैल गुंडाळी ठेवणं एवढं पुरतं.

सोबत लसीकरणाचं कार्ड, जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं घ्या. मोबाइलमध्ये उलटीचा फोटो आणि वाकून उभं राहण्याचा व्हिडिओ असला तर फार उपयोग होतो, कारण दवाखान्यात पोचल्यावर भीतीने कुत्री ताठ उभी राहतात आणि डॉक्टरांना ते वाकणं दिसतच नाही. गेल्या दोन दिवसांत काय काय खाल्लं ते घरातल्या प्रत्येकाला विचारून लिहून न्या. मुलांनाही विचारा, कामाला येणाऱ्या मावशींनाही विचारा, आणि विचारताना आवाज चढवू नका. ओरडा बसेल या भीतीने कोणी मटणाची हाडं लपवली, तर डॉक्टरांना निम्मीच माहिती मिळते.

मुंबईत परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आहे. नागपूरला आणि साताऱ्याच्या वाटेवर शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तालुक्याच्या गावी कुत्र्यांचा खास दवाखाना नसेल तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. तिथले डॉक्टर दिवसभर गाई-म्हशींना सलाईन लावत असतात. रिंगर लॅक्टेट या सलाईनची बाटली आणि उलटीचं इंजेक्शन तिथे मिळालं तरी पुढच्या प्रवासापुरता कुत्रा सावरू शकतो. कुत्रा आजारी नसतानाच रात्री उघडा असणारा जवळचा दवाखाना कोणता हे शोधून नंबर फोनमध्ये ठेवा.

तपासण्या

रक्ताची साधी तपासणी, यकृत-मूत्रपिंडाचे आकडे, साखर आणि क्षार हे सगळं लागतंच. स्वादुपिंडासाठी खास तपासणी असते ती सीपीएल नावाची. स्वादुपिंडात बनणारं लायपेज हे पाचक एन्झाइम रक्तात किती उतरलंय ते ती सांगते. तिचा झटपट किट-प्रकार निगेटिव्ह आला तर पॅन्क्रियाटायटिसची शक्यता बरीच कमी होते. पॉझिटिव्ह आला तर मात्र तेवढ्यावर शिक्कामोर्तब होत नाही. प्रयोगशाळेत आकड्यात मोजल्या जाणाऱ्या स्पेक सीपीएलमध्ये लिटरमागे २०० मायक्रोग्रॅमपर्यंत ठीक, ४०० आणि त्यावर आजाराशी जुळणारं, आणि मधला पट्टा संशयाचा मानतात. अमायलेज (हेही एक पाचक एन्झाइम) आणि जुन्या पद्धतीने मोजलेलं लायपेज या दोन आकड्यांवर कुत्र्यांमध्ये भरवसा ठेवता येत नाही. फक्त अमायलेज वाढलंय म्हणून कोणी निदान केलं असेल तर पुढची तपासणी सुचवता का, असं जरूर विचारा. सोनोग्राफीत सुजलेलं स्वादुपिंड आणि भोवतालची चरबी दिसते. एक्स-रे मुख्यतः आतड्यात काही अडकलेलं नाही ना, हे बघायला.

उपचार, आणि विचारायचे चार प्रश्न

या आजारावर एकच रामबाण औषध नाही. शिरेतून सलाईन, उलटी थांबवणारं औषध (मॅरोपिटंट किंवा ओंडान्सेट्रॉन), जोरदार वेदनाशमन आणि लवकरात लवकर पोटात अन्न, या चार गोष्टींवर कुत्रा सावरतो. सौम्य प्रकारात बहुतेक कुत्री काही दिवसांत उठतात. तीव्र प्रकारात उत्तम उपचार मिळूनही काही वाचत नाहीत, हे जवळच्या माणसाने आधीच सांगितलेलं बरं.

पहिला प्रश्न: वेदनेसाठी काय देताय? उलटी थांबली की सगळ्यांचं समाधान होतं आणि दुखण्याकडे दुर्लक्ष होतं. ब्युप्रेनॉर्फिन, ब्युटॉर्फेनॉल, फेंटानिल यांसारखी औषधं यासाठी असतात. प्रत्येक दवाखान्यात ती नसतात. नसतील तर दुसरा पर्याय काय, हे विचारा. माझ्या मते हा प्रश्न चारांत सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण दुखणारा कुत्रा खात नाही आणि न खाणारा कुत्रा लवकर बरा होत नाही.

दुसरा: खायला कधी सुरू करायचं? पूर्वी ‘स्वादुपिंडाला विश्रांती’ म्हणून कुत्र्याला कित्येक दिवस उपाशी ठेवत. आता ती पद्धत मागे पडली आहे. उलट्या आटोक्यात आल्या की एक-दोन दिवसांतच थोडं थोडं अन्न सुरू करतात, आणि तो स्वतः खात नसेल तर नाकातून नळी घालून देतात, कारण रिकामं राहिलेलं आतडं स्वतःच कमजोर होतं. नळीचं नाव ऐकून घाबरू नका.

तिसरा: अँटिबायोटिक कशासाठी? कुत्र्यांत ही सूज बहुधा जंतूंमुळे नसते, त्यामुळे ती सरसकट लागत नाहीत. डॉक्टरांकडे वेगळं कारण असू शकतं. ते समजून घ्या.

चौथा: रात्री इथे कोण असतं? बऱ्याच ठिकाणी रात्री दवाखाना बंद असतो आणि दाखल केलेला कुत्रा एकटाच पिंजऱ्यात राहतो. तसं असेल तर दिवसा सलाईन आणि रात्री घरी, हा मार्ग कित्येकदा बरा. खर्चाचा अंदाज पहिल्याच दिवशी लिहून मागा. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

पायातली सुई घरी सांभाळताना

रोज सलाईनसाठी ने-आण असेल तर पुढच्या पायात कॅन्युला, म्हणजे शिरेत बसवलेली सलाईनची बारीक नळी, तशीच ठेवून घरी पाठवतात. ती कोरडी ठेवा, चाटू देऊ नका. गळ्यात प्लास्टिकची कॉलर नसेल तर समोर बसून राखण करा. दर काही तासांनी त्याच पायाची बोटं दुसऱ्या पायाच्या बोटांशी ताडून बघा. बोटं जाड झाली, पाय गरम लागला, पट्टी ओली झाली किंवा हात लावल्यावर तो पाय ओढून घेतो आहे, तर डॉक्टरांना फोन करा आणि ती लगेच काढून घ्या.

घरची ताटली

घरी आल्यावर सगळा खेळ चरबीचा आहे. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे पोटाच्या आजारासाठी मिळणारं कमी चरबीचं तयार अन्न, डॉक्टरांच्या सल्ल्याने. ते मिळत नसेल किंवा परवडत नसेल तर गुरगुट्या भात आणि चिकनच्या छातीचं मांस.

चिकन घेतानाच कातडं काढून घ्या आणि कडेची पिवळी चरबी घरी सुरीने काढा. मीठ, हळद, आलं-लसूण काही न घालता साध्या पाण्यात शिजवा. कांदा-लसूण तर कुत्र्याला एरवीही विषारीच. मग पातेलं रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर पांढरट, गोठलेला थर आलेला दिसेल. तो थर चमच्याने पूर्ण काढून टाका, मगच खालचं पाणी भातात घाला. कातडं काढलेल्या चिकनमधूनही किती चरबी निघते ते बघितलं की पुढे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

प्रमाणाचा अंदाज: १० किलोच्या कुत्र्याला नुसतं पडून असतानाही दिवसाला साधारण ४०० कॅलरी लागतात. शिजलेला भात २०० ग्रॅम आणि शिजलेलं चिकन ९० ग्रॅम एवढ्यात त्या भरतात, आणि त्यात चरबी जेमतेम ४ ग्रॅम असते. पण पहिल्या दिवशी एवढं नाही. पाव हिश्श्यापासून सुरू करा, म्हणजे दिवसभरात भात ५० ग्रॅम आणि चिकन २०-२५ ग्रॅम, तेही पाच-सहा वेळा विभागून. उलटी झाली नाही तर तीन-चार दिवसांत पूर्ण प्रमाणावर या. उलटी झाली तर पुढचा घास देण्याआधी डॉक्टरांना फोन.

शाकाहारी घरात सायविरहित दुधाचं दही, त्याच दुधाचं घरी केलेलं पनीर, फोडणी न दिलेली पातळ मुगाची डाळ, शिजवलेला लाल भोपळा चालतो. घरी दूध तापवून साय काढली तरी दुधात चरबी उरतेच, म्हणून पिशवीवर ‘स्किम्ड’ लिहिलेलं दूध घ्या. बाजारचं पनीर नको. अंड्याचा पांढरा भाग चालेल. चरबी सगळी पिवळ्या बलकात असते. माशात बांगडा आणि तारली टाळा, दोन्ही तेलकट.

हे घरचं जेवण थोड्या आठवड्यांपुरतंच. नुसत्या भात-चिकनमध्ये कॅल्शियम आणि इतर बरंच काही कमी पडतं. पुढेही घरचंच द्यायचं असेल तर डॉक्टरांकडून त्यात काय मिसळायचं ते ठरवून घ्या.

तयार अन्नाच्या पाकिटावरचा चरबीचा आकडा नीट वाचा. ओल्या अन्नाच्या डब्यावर चरबी ४ टक्के आणि पाणी ८० टक्के असेल तर कोरडा भाग उरतो २० टक्के, आणि त्यातली ४ म्हणजे पाचवा हिस्सा: २० टक्के चरबी. शेजारच्या सुक्या पाकिटावर १२ टक्के चरबी आणि १० टक्के पाणी असेल तर हाच हिशेब साधारण १३ टक्के येतो. म्हणजे ४ आकड्याचा डबाच जास्त चरबीचा निघाला.

सगळ्या घराने एकाच सुरात

औषधं संपल्यावर आजार उलटतो तो बहुतेकदा कोणाच्या तरी मायेमुळे. १० किलोच्या कुत्र्याला कमी चरबीच्या आहारात दिवसभरात साधारण १२ ग्रॅमपर्यंत चरबी बसते. जेवणाच्या मोठ्या चमचाभर तुपात त्याहून जास्त असते. पोळीला लावलेलं तूप, दह्यावरची साय, चीजचा तुकडा, मटणाच्या रश्श्यात बुडवलेली भाकरी, हे सगळं वेगवेगळ्या हातांनी वेगवेगळ्या वेळी जातं आणि प्रत्येकाला वाटतं की आपण एवढंसंच दिलं.

आमच्या फ्रिजवर एक कागद लावलेला असतो: वेळ, काय दिलं, किती, कोणी दिलं. शी कशी होती, तेही तिथेच. घरातल्या आजींना हे पथ्य सांगताना ‘देऊ नका’ एवढंच सांगून भागत नाही. त्यांना द्यायला दुसरं काही हातात ठेवा. काकडीच्या चकत्या, उकडलेलं गाजर, बिया काढलेल्या सफरचंदाच्या फोडी, भोपळ्याचे तुकडे किंवा बिनमिठाचे साधे कुरमुरे एका डब्यात भरून त्यांच्याजवळ ठेवा. देण्याचं सुख त्यांना मिळतं आणि कुत्र्यालाही. गोळी भरवायला पेढा, लोणी, पीनट बटर वापरू नका; भोपळ्याच्या गोळ्यात किंवा चिकनच्या तुकड्यात ती सहज जाते.

दिवाळीत चकली-करंजीची ताटं कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर टीपॉयवर असतात. पाहुण्यांच्या वेळी त्याला दुसऱ्या खोलीत ठेवा. गटारीच्या आणि होळीनंतरच्या दिवसांत सकाळी फिरवताना दोरी आखूड धरा, रस्त्याकडेला हाडं आणि चिकनची कातडी पडलेली असतात. घरातला कचऱ्याचा डबा पायाने उघडणारा, जड झाकणाचा घ्या.

पुढचे महिने

पहिल्या आठवड्यात फिरणं थोडं, खेळणं त्याच्या मनाप्रमाणे. वजन जास्त असेल तर ते हळूहळू, कुत्रा पूर्ण बरा झाल्यावरच उतरवायचं. आजारातून उठत असतानाच उपास नको. बरा झाल्यावर बारा तास उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड्सची तपासणी करून घ्या. ती जास्त निघाली तर कमी चरबीचं पथ्य बहुधा कायमचं राहतं. बाकीच्यांत किती महिने पथ्य पाळायचं आणि नेहमीच्या खाण्यावर केव्हा यायचं, हे डॉक्टर ठरवतील. बदल करताना आठवडाभर जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत जा.

दोन गोष्टींवर वर्षभर नजर ठेवा. कुत्रा अचानक खूप पाणी पिऊ लागला, खूप लघवी करू लागला आणि खाऊनही वाळत चालला, तर मधुमेहाची तपासणी करा, कारण इन्सुलिन बनवणारा भाग या आजारात खराब होऊ शकतो. आणि शी फिकट, भरपूर, तेलकट चमकणारी होत असेल, भूक राक्षसी असूनही बरगड्या दिसू लागल्या असतील, तर पाचक रस कमी पडत असण्याची शक्यता असते. त्यासाठी टीएलआय नावाची रक्ततपासणी असते, आणि कमतरता निघाली तर पाचक एन्झाइमची पावडर रोजच्या जेवणात मिसळून द्यावी लागते.